चार पाकळ्यांचं तरवड

मुकुंदवाडी
५ जानेवारी २०२५

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

चितेगावच्या रामेश्वरच्या दुकानात तुम्ही दिलेलं पत्र मला मिळालं. तुम्ही मेंढरांमागं आज या रानात, उद्या त्या रानात, आणि कानानं ऐकू येत नाही म्हणून फोनही नाही. आईनं रात्रशाळेत शिकून तुम्हाला अक्षरं शिकवली ते बरं झालं. नाहीतर माझ्या बापाच्या मनातलं फक्त मेंढरांनाच कळलं असतं!

आई गेल्यावर तिच्या बटव्यात तरवडाचं वाळलेलं फूल निघालं हे कळलं, तसं हातातलं काम ठेवून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हो आबा, त्याचं पेन करता येतं. मी दुसरं काय करते इथं? वाळलेलं फूल पितळी नळीला चिकटवायचं, साच्यात ठेवायचं, वरून रेझिन ओतायचं. दोन दिवसांत ते काचेसारखं कडक होतं, मग लेथवर घासायचं.

पण फूल खडखडीत कोरडं पाहिजे. जराशी ओल राहिली तर वर दुधासारखा पांढरा पडदा येतो, आत फूल काळं पडतं, आणि ते परत बाहेर काढता येत नाही. फूल एकच आहे म्हणून बजावते. हसू नका.

वेळेवर जेवा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची
योगिनी


चितेगावच्या पुढं, रान
११ जानेवारी

चि. सौ. योगिनीस अ. आ.

माय, फूल पुडीत घालून पाठवतो. चारच पाकळ्या हायेत. पाचवी कोकरानं खाल्ली.

लग्नाचं पयलं साल व्हतं. तुही आई माझ्यावर रुसून बांधावर बसली व्हती. मी तरवडाचं फूल तोडून तिच्या अंबाड्यात खोवाय गेलो, तर हातातलं कोकरू पुढं झालं अन् पाकळी खाऊन बसलं. लई हसली. मला वाटलं फूल तवाच टाकून दिलं. बत्तीस सालं जपलं की गं तिनं! मला एका शब्दानं बोलली नाय.

बायकोचं नाव घ्यायची आपल्यात लाज. तिनं मला अक्षरं शिकवली, पर तिचं नाव मी कवा लिहिलं नाय. ती म्हणायची, लिहा की येकदा, कोण बघतंय? मी हसून टाळायचो. आता या पेनानं पयलं तेच लिहीन.

जावईबापूंना रामराम. माया ठेव.

तुझा बाप
सोनाजी


मुकुंदवाडी
२८ जानेवारी

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पेन पाठवते. फूल जसंच्या तसं बसलं, एक बुडबुडासुद्धा नाही. क्रांती चौकातला दुकानदार विकत मागत होता. मी म्हटलं, हे विकायचं नाही. कोकरानं खाल्लेल्या पाकळीची जागा वर ठेवलीय, म्हणजे लिहिताना तुम्हाला दिसेल.

दोन दिवस जरा ताप होता, म्हणून उशीर झाला. काळजी करू नका. नाव लिहिलंत की मला कळवा. माझ्यावरचा जीव कमी करू नका.

तुमची
योगिनी


चितेगावच्या पुढं, रान
४ फेब्रुवारी

चि. सौ. योगिनीस अ. आ.

पेन पावलं. लई देखणं झालंय. पर माय, हे फूल तिचं नाय.

रंग तू बरोबर जुळवलास. पाकळीबी तोडलीस. पर मी जलम मेंढरांत काढला. कोकराचा दात लागला की कड कुरतडल्यागत ऱ्हाती, बुडाशी चिंधी लोंबती. हितं कड सरळ हाय. नखानं खुडलीय.

तुझ्यावर राग नाय. गुन्हा माझाच हाय. लेकीच्या हातात सुकलेलं फूल देऊ नाय, पाणी शिंपडून द्यावं, ही आपली रीत. तुझं पत्र वाचलं व्हतं, समदं ध्यानात व्हतं, तरी पुडी बांधताना हात आपसूक तांब्याकडं गेला. दोनच थेंब शिंपडले. तुला पोचस्तवर वरून सुकलं आसंल, म्हून तुला कळलं नाय, अन् साच्यात खराब झालं. अन् मला वाईट वाटू नाय म्हून तू ताप आल्याचं लिहिलंस. येडी हायेस. रडत बसली आसशील.

आता ऐक. खराब झालेलं तू टाकलं नसशील, तू तिची लेक हायेस. ते तसंच घासून त्याचं पेन कर अन् पाठव. काळं पडलंय, वर पांढरा पडदा आलाय, येऊ दे. शेवटच्या तीन महिन्यांत तुही आईबी तशीच काळवंडली व्हती, डोळ्यांवर साय आली व्हती. मला बघवेना. म्हून मी मेंढरं घेऊन उजाडायच्या आत निघायचो, ती झोपल्यावर यायचो. ती गेली तवाबी मी रानातच व्हतो. ती सारखी दाराकडं बघत व्हती, हे तूच मला पाटीवर लिहून सांगितलंस.

येकदा तोंड फिरवलं माय. आता फिरवायचं नाय.

तिचं नाव अजून लिहिलं नाय. त्या पेनासाठी थांबलोय. तुझं हे चांगलं पेन खिशात हाय, पत्र मातुर जुन्याच पेनानं लिहितोय.

बापावर माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.

तुझा बाप
सोनाजी