पेटीतली हवा

२५ डिसेंबर

नाताळची सकाळची प्रार्थना चुकली. दवाखान्यात कुरोसे-सानची स्त्रीबीजं आजच काढायची होती. सहा मिळाली! टेबलावरून उठताना माझा हात धरून म्हणाल्या, "सेतोगुची-सान, नवऱ्याला शब्द दिलाय. हा शेवटचा प्रयत्न." तीनदा रिकाम्या हाताने परत गेलेली बाई. बेचाळीस वर्षांची.

२६ डिसेंबर

पाच फळली! बाकी दोन जोडप्यांचीही छान. सगळी उबेच्या पेटीत ठेवली.

दुपारी वर्षअखेरची झाडलोट. माझी मदतनीस मिहारुने दुकानातलं फरशीचं औषध आणलं होतं. मी ओरडलेच — "आत इवले जीव आहेत आणि हे विष?" मी घरून संत्र्याची सालं उकळून आणली होती. शाळेत सिस्टर आन्येस याच पाण्याने आमच्याकडून प्रार्थनाघराचे बाक पुसून घ्यायच्या. लाकडाला अशी चमक यायची! शेजारी कोण असायचं, कोण गुणगुणायचं, सगळं आठवलं. मिहारु म्हणते, "आजीबाईंचं जादूचं पातेलं!" हसत हसत दोघींनी प्रयोगशाळेबाहेरचा अख्खा बोळ, बाक, तिचं दारसुद्धा पुसलं.

२७ डिसेंबर

कुरोसे-सानच्या पाचांपैकी दोन, दोन पेशींवरच अडलीत. उरलेल्या तिन्हींतही पेशींचे तुकडे सुटलेत, वाईट लक्षण. काय बिघडलं? पेटीची ऊब बरोबर. ती ज्यात वाढतात ते थेंब ताजे. तीनदा तपासलं.

पोटात असती तर गर्भनळीतून सरकताना आईकडून निरोप मिळत गेले असते — वाढ, फूट, थांब. इथे निरोप देणारं कोण? तो थेंब, त्यावरचा तेलाचा थर आणि हवा. म्हणून तर पंचवीस वर्षांत मी कामावर कधी अत्तर लावलं नाही, केसांना तेलही नाही.

२८ डिसेंबर

आणखी दोन गेली. एकच उरलंय. आणि बाकी दोघींचीही रखडलीत!

इगाराशी डॉक्टर म्हणाले, "वय, सेतोगुची-सान. कुरोसे-सानचं वय." मी फटकन बोलले, "आणि त्या सव्वीस वर्षांच्या मुलीचंही वयच का?"

पाणी प्यायला बोळात आले. वास! संत्र्यांचा, गोड, दोन दिवसांनीही तसाच.

तिथेच बाकावर बसले. आमची हवेची गाळणी धूळ अडवते, वास नाही. वास अडवणारी कोळशाची गाळणी सुट्टीनंतर बदलायची होती. फ्रिजमधलं लोणी जसा वास धरतं तसं ते थेंबावरचं तेल धरतं. दोन दिवस त्या जिवांना काय सांगत होते मी?

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सालं? तुमची? मिहारुची नाहीत?" — "माझीच." मग म्हणाले, "पाचव्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. आजच पोटात सोडू." तिघींनाही बोलावलं. कुरोसे-सान आपल्या दुकानातून धावत आल्या, अंगाला माशांच्या वड्यांचा वास, एप्रन तसाच. "इतक्या घाईने? म्हणजे छान वाढलंय ना?"

मी हसले. देवा, मी हसले!

नंतर डॉक्टर हळूच म्हणाले, "सध्या कुणाजवळ बोलू नका." मी मान हलवली. का हलवली?

२९ डिसेंबर

बोळ नुसत्या गरम पाण्याने सात वेळा पुसला. मिहारु रडत होती. "तुझा काय दोष?" म्हटलं.

१ जानेवारी

प्रार्थनेत मन नाही. सगळे शुभेच्छा देतात. मला फक्त तो एक थेंब दिसतो.

८ जानेवारी

रक्त तपासलं. सव्वीस वर्षांच्या मुलीला राहिलंय. दुसरीला नाही.

कुरोसे-सानलाही नाही. फोनवर त्याच मला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. माझंच शरीर आता म्हातारं." मी फोन धरून उभी.

९ जानेवारी

डॉक्टरांना विचारलं नाही. सरळ कुरोसे-सानच्या दुकानात गेले, सगळं सांगितलं. बोळ, पाणी, माझे हात. त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे बिघाड माझ्यात नव्हता?" — आणि आत वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, ऐकलंत का? हा प्रयत्न मोजायचा नाही!"