तीन पॉइंटांनी पुढे असताना

ता. ३, सोमवार

चि. धाकट्यास, आशीर्वाद आहेत, पण आज अर्धेच.

आणि तोंड वर करून कमिटीला सांगतोस की भिंगरीमुळे मॅच गेली? सख्ख्या भाचीवर, माझ्या पोरीवर खापर फोडताना जीभ जरा तरी अडखळली का? फोन मध्येच ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.

शनिवारी मी बास्केटबॉल कोर्टाच्या कडेलाच होते, पुसायचं फडकं घेऊन. वीस सेकंद उरलेली, आपण तीन पॉइंटांनी पुढे. आणि प्रशिक्षक महाराज ओरडतात काय, तर सगळ्या आत या, रिंगखाली उभ्या राहा! अरे, आत येऊन त्यांनी दोन घेतले असते तरी एकाने आपणच पुढे होतो. त्यांना तीनच हवे होते, आणि तीन मिळतात रेघेबाहेरून. दार सताड उघडं टाकून कपाटाला कुलूप लावणारा तूच!

त्यांची नऊ नंबरची बाहेर एकटी मोकळी. भिंगरी तेवढी धावली, उशिरा पोचली, तिच्या अंगावर आदळली. बॉल आत, वर फाउलचा एक. चार झाले, एकाने हरलो. आणि आता पंधरा तारखेच्या मॅचला तिला बाकावर बसवणार म्हणे. लाज असेल तर उत्तर दे.

तुझी ताई


ता. ५, बुधवार

ती. ताईस, नमस्कार. राग निवल्यावर वाचावे.

ताई, कोर्ट पुसणं वेगळं आणि टीम चालवणं वेगळं. पंधरा वर्षं शिकवतोय मी. आघाडी राखायची तर रिंग राखायची. मी आत म्हटलं, ती बाहेर गेली. शिस्त म्हणून काही आहे की नाही? कमिटीपुढे तिने स्वतःच कबूल केलं की मामाची हाक ऐकूच आली नाही. मग मी काय करू? यंदा मला ठेवायचं की नाही ते कमिटी याच महिन्यात ठरवतेय, तेही ध्यानात घे.

गुडघ्याला शेक देत जा. माया आहे ती राहू दे.

तुझा धाकटा


ता. ७, शुक्रवार

धाकट्या, उरलेले आशीर्वाद या पत्रातही नाहीत.

कोर्ट पुसणारीला काय कळतं, नाही का? अकरा वर्षं त्या लाकडावर गुडघे टेकून कोण कुठे पळतं ते पुसतेय मी. त्या नऊ नंबरवालीच्या बुटांचे काळे ओरखडे मध्यंतरात पुसले, सगळे रेघेबाहेर, उजव्या कोपऱ्यात. आत एक नाही. तेच सांगायला आले तर कमिटीच्या माणसांदेखत तू मला हाताने बाजूला सारलंस. बहीण म्हणायची लाज वाटली असेल.

आता फुकट शिकून घे. तिघी-चौघींनी रेघेवर चिकटून राहायचं, हात वर, अंगाला बोट लावायचं नाही. आत घुसणारीला खुशाल जाऊ द्यायचं. घे बाई दोन, आणि जा घरी. एवढ्याला पंधरा वर्षं लागतात?

आणि ऐकू न आल्याचं सोंग? तिच्या शेजारी खेळणाऱ्या लांब वेणीवालीने मला सगळं सांगितलं. भिंगरी तुझी हाक ऐकून आत वळली होती. मग त्या नऊ नंबरकडे नजर गेली आणि उलटी फिरली. म्हणून तर उशीर झाला. मी भिंगरीला खोदून विचारलं तेव्हा रडली. म्हणाली, खरं सांगितलं असतं तर मामाचं काम गेलं असतं. सतरा वर्षांची पोर तुला झाकतेय, आणि तू तिच्या आड बसून शिस्त शिकवतोस! काल तिने बूट धुतले, वाळवले आणि वेणीवालीला देऊन टाकले. पुन्हा कोर्टावर पाय ठेवणार नाही म्हणते.

मला तुझं उत्तर नकोच. पत्र भिंगरीच्या नावाने टाक. हाक चुकली ती माझी, तू बरोबर धावलीस, एवढं लिही, आणि त्याचीच नक्कल कमिटीला दे. काम गेलं तर माझ्याकडे ये, दोन वेळचं जेवण घालीन, तोंड वाकडं न करता. पण मंगळवारी, ११ तारखेला, ते पत्र तिच्या हातात पडलंच पाहिजे.