मोठ्या बाईंचा पत्ता नाही

११ जानेवारी १९३८
मोठ्या बाईंना जाऊन सहा दिवस झाले. माझ्या थोरल्या जाऊबाई. शेतात कापूस वेचणाऱ्या बायांना भाकरी दिल्या, रिकामी टोपली घेऊन निघाल्या, घरी आल्याच नाहीत. टोपली शेताच्या धुऱ्यावर पालथी सापडली. खाली फडकं, नीट घडी केलेलं.
आज तिसऱ्या विहिरीत गळ टाकला. मागल्या साली पडलेली पितळी बादली निघाली. सासूबाई ती घासत बसल्या.

१२ जानेवारी
येणारा-जाणारा मलाच विचारतो, शेवटचं काय बोलल्या? दोन दिवस आमचा अबोला होता. वरणात खडा निघाला त्यावरून. जाताना भिंतीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मीठ संपलं." कोणाला पटत नाही. सासूबाई म्हणतात, "तू लपवून राह्यली." लपवायला आधी काही माहीत तर पाहिजे.

१५ जानेवारी
मंगरुळाहून पोलिसांचा जमादार आला. पाहुण्यासारखा जेवला. मग वय विचारलं. सासूबाई म्हणाल्या पंचवीस. भासरे, म्हणजे बाईंचे मालक, म्हणाले तीस. अंगावरची खूण विचारली. दाराआडून मीच सांगितलं, डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. भासऱ्यांनी चमकून पाहिलं. चौदा वर्षांचा संसार.
तेवढ्यात मानोऱ्याकडून बाईंचा भाऊ आला. "आमची गोदा कुठी ठेवली तुमी?"
गोदा. नऊ वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, सासरचं सरस्वती हेच नाव मी धरून चालले. माहेरचं नाव कधी विचारलंच नाही.
इकडचे म्हणतात भावानंच लपवली. भाऊ म्हणतो आम्ही मारली. एकमेकांची घरं तपासून झाली.

३ फेब्रुवारी
कोणी म्हणतं कारंज्याला देवळापाशी दिसल्या, कोणी म्हणतं शेलूबाजारात सर्व्हिस मोटारीत चढल्या. हे दोनदा सायकलवर जाऊन आले. आता ताप घेऊन पडलेत. काढा मीच करते, बोलणीही मीच खाते.
जायचंच होतं तर सांगून जायचं. मी काय अडवणार होते? पण गेल्या की...

२२ फेब्रुवारी
भासऱ्यांसाठी मुलगी बघितली. पुरते दोन महिने नाहीत झाले. मुलीचा बाप म्हणतो, पहिली मेली याची खात्री द्या, उद्या परत आली तर माझ्या पोरीनं कुठं जावं? एवढ्या माणसांत तो एकटाच शहाणा वाटला.

६ मार्च
जमादार पुन्हा आला. अडाण नदीच्या काठी लुगडं सापडलं. फाटकं, चिखलानं भरलेलं. सासूबाई बघितल्या-बघितल्या रडायला लागल्या, "आमच्या सुनेचंच हाये." भासरे मान खाली घालून उभे. जमादारानं मला विचारलं.
मी उलगडून पाहिलं. रंग तोच. पण बाईंच्या लुगड्याला काष्ट्यापाशी ठिगळ होतं, मीच निळ्या दोऱ्यानं लावलेलं. ह्याला ठिगळच नाही.
म्हटलं, "हे त्यांचं नाही."
जमादारानं तसं लिहून घेतलं. घरात कोणी जेवलं नाही.

८ मार्च
सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मुलीवाल्यांचा निरोप आला, थांबतो. हे म्हणाले, "हो म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं?"
"आन् त्या आल्या असत्या तर?"
ह्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर त्या लुगड्याचा विचार. ते बाईंचं नाही, पण कोणाचं तरी आहेच ना. तिला कोण शोधतंय?

१९ जून
बांगडीवाले करीमचाचा आले. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे हात त्यांनीच भरलेले. सासूबाई आत होत्या. माझ्या हातात बांगडी चढवता चढवता हळूच म्हणाले, "बेटी, कारंज्याच्या बाजारात तुह्या जाऊचा हात भरला मी."
माझा हात तसाच राहिला.
"तोंड पाह्यलं?"
"पदर होता डोईवरून. बोलली बी नाही, बोटानं दाखवलं. पन मनगट वळखतो मी. इतके साल हातात घेतलं ते."
"कोणत्या घेतल्या?"
"हिरव्या. दोनी हात भरून."
आम्ही इथे विहिरी ढवळतोय आणि ही बाजारात बसून बांगड्या भरते. असा राग आला. मग वाटलं, चाचांची नजर आता पहिल्यासारखी नाही. सुई माझ्याकडून ओवून घेतात. मग वाटलं, मनगटाला नजर कशाला लागते.
विचारलं, "कोणाच्या नावाच्या, चाचा?"
हसले. "बांगडीवर नाव थोडंच रायते, बेटी."
आतून सासूबाईंनी आवाज दिला. मार्चपासून पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "वच्छे, काय म्हनते तो?"
म्हटलं, "हिरव्या संपल्या म्हणतात."
चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेटी बांधली. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर सगळे कारंज्याला धावतील, नाही सांगितलं तर भासऱ्यांचं ते लग्न. जाताना बाई हेसुद्धा माझ्याच डोक्यावर टाकून गेल्या.