बेटांवरचे सहा आठवडे

प्रिय मिस्त्री,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू "असू दे, असू दे" म्हणत विषय गुंडाळतोस आणि मलाही ते सोयीचं पडतं. म्हणून हे पत्र.

आपल्या भिंगरीने महिनाभरासाठी कॅरव्हॅन भाड्याने घेतली आहे. नवऱ्याला आणि लेकीला घेऊन ती बेटांवर चालली आहे. आपल्याच बेटांवर, दोन पूल ओलांडून तिसऱ्या बेटावर. आता तिथे म्हणे प्रत्येक गाडीपाशी वीज आणि नळ आहे. आपल्याला पाण्यासाठी कॅन घेऊन पार तळाच्या ऑफिसपर्यंत जावं लागायचं, आणि धाकटा त्यातलं अर्धं पाणी स्वतःच्या अंगावर आणायचा.

जुन्या मिनीबसचं तू आठ महिने खपून घर केलं होतंस. जेवायचं टेबल खाली पाडलं की मुलांचा पलंग, पलंगाखाली कपडे, कपड्यांखाली बटाटे. ओट्यावरचं कपाट जरा खालीच ठोकलं गेलं होतं. रोज सकाळी त्याच कोपऱ्यावर डोकं आपटून तू म्हणायचास, "कोण रे हा सुतार?" मुलं त्यासाठी जागी होऊन, डोळे मिटून वाट बघत पडलेली असायची. चादरीत वाळू, केसांत मीठ, भातातसुद्धा कचकच. दुपारी पत्रा असा तापायचा की आपण चौघं गाडीच्या सावलीत चटई टाकून लोळायचो आणि सावली सरकेल तसे सरकायचो. भिंगरी तिथेच पोहायला शिकली. तू छातीभर पाण्यात उभा, हात तिच्या पोटाखाली. तो कधी काढून घेतलास, तिला कळलंच नाही. मी किनाऱ्यावरून बघत होते. दोन वर्षं आपण नुसते भांडत होतो, पण त्या दिवशी तू मला पुन्हा आवडलास. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

तीन महिने राहायचं ठरलं होतं. सहाव्या आठवड्यात मी ऑफिसातून आमच्या प्रयोगशाळेत फोन लावला. मुख्य तंत्रज्ञाची जागा मला मिळत होती, पण आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. परत येऊन मी तुला सांगितलं, विचारलं नाही. तू स्टूल घासत होतास. पॉलिशपेपर खाली ठेवून इतकंच म्हणालास, "मग निघू या."

सामान भरताना भिंगरी गाडीच्या शिडीला मिठी मारून बसली. "पण का जायचं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मला कामावर बोलावलंय, बाळा." परतीच्या चार दिवसांत ती तुझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी पुढच्या सीटवर नकाशा घेऊन बसले होते. मीही काही बोलले नाही.

पुढे आपण वेगळे झालो आणि तिने माझ्याकडे राहायचं ठरवलं. "बाबांना कामापुढे आम्ही दिसतच नाही," असं ती कुणालाही सांगायची आणि लगेच बेटांची गोष्ट काढायची. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. पण मला ती गमवायची नव्हती रे. मला वाचवायला म्हणून तू जे बोललास, त्याच्या आड मी बावीस वर्षं खुशाल बसून राहिले.

परवा ती म्हणाली, "आई, तू चल आमच्याबरोबर. बाबांना काय विचारायचं, त्यांना काम असेल." तेव्हा मी सांगून टाकलं. तो फोन, ती नोकरी, सगळं. ती रडली नाही की भांडली नाही. उठून आमचे दोघींचे कप धुवायला लागली आणि बराच वेळ धूत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "बाबांचा नंबर तोच आहे ना?"

रविवारी ती तुला फोन करेल. सोबत चला म्हणेल, पण त्याआधी खरं काय ते विचारेल. एवढ्यासाठीच लिहिते आहे. या वेळी मला पाठीशी घालू नकोस. "हो, असंच झालं होतं," एवढंच म्हण आणि तिला बोलू दे. तिचं खूप बोलायचं राहिलं आहे.

एकेकाळी तुझीच,
भिंगरीची आई