जर्सी सिटीतून कझाकस्तान तापवताना

५ जानेवारी, सोमवार
आजपासून घाबरायचं नाही. संकल्प.
कझाकस्तानातल्या एका शहराचं हीटिंग आज माझ्या सॉफ्टवेअरवर गेलं. सोव्हिएत काळापासून तिथे एकच मोठा बॉयलर, त्याचं गरम पाणी पाइपांतून घरोघर. घरात कमी-जास्त करायला बटणसुद्धा नाही! आता घरोघरी आमचा सेन्सर. घर गार झालं की सॉफ्टवेअर उष्णता वाढवणार. इतकं सोपं. त्यांना इतकी वर्षं सुचलं नाही.
मॅनेजर शैलेंद्र म्हणाला, हे जमलं तर ग्रीन कार्डाचं बघू. नाही जमलं तर काय, ते मी विचारलं नाही.

७ जानेवारी. सकाळी, कामाला बसण्याआधी
घरांत चौदा अंश! बाहेर उणे पंचवीस. उष्णता वाढवली.
आश्लेषा म्हणाली, तिकडे कुणाला तरी विचार ना. बायकोला डेटा कळत नाही. शिवाय आपण विचारलं की आपल्याला येत नाही हे त्यांना कळतं.

९ जानेवारी
बारा अंश. जितकं तापवतोय तितकं गार होतंय. म्हातारीकोतारी माणसं असतील तिथे. कुणाला काही झालं तर? नोकरी गेली की व्हिसा गेला, दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा. लेकीला, केयाला, नागपूर म्हणजे फक्त सुट्टी माहीत आहे.
कॉफी बंद. भीती कॉफीमुळेच वाटते.
उष्णता फुल केली.

१२ जानेवारी
तिथल्या इंजिनिअर गुलनारा मॅडमचा व्हिडिओ कॉल. दुभाष्या आलाच नाही. त्या रशियनमध्ये भडाभडा बोलल्या, मी थंडीबद्दल इंग्रजीत मनापासून माफी मागितली. त्या सारखा चेहरा पुसत होत्या. रडत असणार. माझंही धाबं दणाणलं.
चहा द्यायला आलेली आश्लेषा म्हणाली, अरे, ती बिनबाह्यांच्या टॉपमध्ये आहे, फाइलने वारा घेतेय, मागची खिडकी सताड उघडी आणि बाहेर बर्फ! तिला उकडतंय. बटण नसेल तर माणसं खिडकीच उघडणार ना?
सेन्सर खिडकीखालीच बसवलेत. जागा मी ठरवली होती. इथून, फोटो बघून.

१३ जानेवारी
अख्खं शहर खिडक्या उघडून बसलंय आणि मी बाहेरचा बर्फ तापवतोय. आश्लेषाला म्हटलं, मला शंका होतीच.
उपाय सापडला. नागरिकांनी खिडक्या लावून घ्याव्यात, असा ईमेल पाठवला. इंग्रजीत.
दुपारी दोन ठिकाणी पाइप फुटल्याचं कळलं. पाइप जुने. यात माझा काय दोष?
कॉफी पुन्हा चालू.

१६ जानेवारी, शुक्रवार
त्यांनी आमची सिस्टिम परवा बंद केली. तेव्हापासून घराघरांत एकवीस अंश. म्हणजे माझ्या सेटिंगचा परिणाम जरा उशिरा दिसला, इतकंच. शैलेंद्रला तसं लिहिलं. त्याने उत्तराऐवजी कॉलची लिंक पाठवली. अभिनंदनच असणार.

दुपारी
कॉलवर एचआरच्या बाई होत्या. पाच वर्षं त्या मला सिड म्हणतात. आज पासपोर्टवरचं अख्खं नाव, सिद्धेश रवींद्र खानझोडे, सावकाश, एकही चूक न करता म्हणाल्या.
मला फार भीती वाटतेय.