उन्हात चढणारी तार

२६ मार्च, कारंजा
वाशिमहून एसटीने परत. कानाच्या डॉक्टरने नवऱ्याला, प्र.ला, स्वच्छ सांगितलं: डावा कान गेला. उजव्यात प्रत्येक सूर आहे त्याहून चढा ऐकू येणार. प्र. हसून मला म्हणाला, "अव मॅडम, त्या डाक्टरले गान्यातलं काय समजते?" मग वाटेतलं शेलूबाजार येऊन गेलं तरी खिडकीबाहेरच बघत होता.

२८ मार्च
सकाळी इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसला. हिच्या तारा वरच्या टोकाला क्लॅम्पने आवळलेल्या, तिथल्या खुंट्या फिरवून उपयोग नाही. सूर लावायचा तो खाली, तारा टेकतात त्या ब्रिजवरच्या सहा बारक्या स्क्रूंनी. फाइन ट्यूनर. प्र. कशाशी जुळवून बघत नाही, डोक्यातल्या सुराशी लावतो. सहाही उतरवले. बेसूर. मी भाजी चिरत होते.
दुपारी तो झोपल्यावर जुना ट्यूनिंग फोर्क काढला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने पियानोपाशी पट्टी मारून तयार केलेला कान अजून शाबूत आहे. एक तार ओढली की स्प्रिंगवरचा ब्रिज हलून बाकीच्या ढिल्या पडतात, म्हणून सगळ्या दोन-तीनदा. माझ्या आखडलेल्या बोटांनाही जमलं.

२ एप्रिल
रोज तेच. सकाळी तो उतरवतो, दुपारी मी चढवते.

५ एप्रिल
धाकटा दीर सुधाकर आला. भीमगीतांच्या पार्टीत गातो. पार्टी उभी केली प्र.ने, हे आता कोणाला आठवतं!
"वैनी, जयंतीले दादाले स्टेजवर बसवू. वायर लावू, पन आवाज बंद ठेवू. त्याले कुठं समजते?"
वर गिटारकडे बोट. "आन् हे बारके स्क्रू कायले पायजे? एकदा मोबाइलवर सूर लावला का झालं."
म्हटलं, "भाऊजी, हे स्क्रू थोडेच फिरतात. माणूस चुकला तरी तार तुटत नाही, आणि दुसऱ्याला हळूच सावरता येतं. तुमच्या जिभेलाही एक बसवून घ्या."
चहा दिला नाही. ज्याने यांना ताल शिकवला तो आता शोभेची बाहुली!

८ एप्रिल
दुपारी तारा मी चढवते, हे प्र.ला सांगून टाकावं. एरवी माझी जीभ कोणाला घाबरत नाही, पण सकाळी तो स्क्रूवर वाकतो तेव्हा—

११ एप्रिल
भयंकर ऊन. प्र. स्क्रूवर बोट ठेवून थांबला.
"मॅडम, उन्हानं तार उतरते ना?"
"हो."
"मंग आपलीच काहून रोज चढून राह्यली?"
मी कणीक मळत राहिले. त्याने स्क्रू उतरवले. दुपारी मी हात लावला नाही.

१३ एप्रिल
आज तो झोपला नाही. गिटार माझ्या खुर्चीवर ठेवली आणि अंगणात पाठमोरा जाऊन बसला. मी लावली.

१४ एप्रिल
सकाळी प्र.ने स्क्रूंना हात न लावता वाजवली. तोंड कडू औषध घेतल्यासारखं. मला सुरात, त्याला नाही.
सुधाकरचा टेम्पो दारात उभा. गिटारची वायर माझ्या पर्समध्ये आहे. ती मीच लावणार, आणि आवाज चालू आहे हे ऐकूनच स्टेजवरून उतरणार.
चप्पल घालताना प्र. म्हणाला, "समोरच बसजो. चुकलो तं हात वर कर. मी थांबतो."
हो म्हटलं. हात वर होईल का, माहीत नाही.