चौदावी खोली

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. फोनवर मी 'बरं आहे' म्हणून सुटतो, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं असा तुझा हुकूम. घे तर मग, वाच.

काम अंगवळणी पडलं. सकाळी नऊला फॉर्मांचा गठ्ठा घ्यायचा आणि दारोदार फिरायचं. छापखाना बंद पडल्यावर वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेला तुझा भाऊ आता लोकांना विचारत हिंडतो की तुम्हाला झोप लागते का, भूक लागते का, कामात मन रमतं का! असे नऊ प्रश्न. उत्तरंही ठरलेली: नाही, कधीकधी, बरेच दिवस, जवळजवळ रोज. शेवटचा प्रश्न विचारताना मात्र माझीच जीभ जड होते. 'आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का?' परक्याच्या दारात उभं राहून हे विचारायचं म्हणजे काय, तूच सांग.

आमच्या पुस्तिकेत नियम तरी किती! नावाची पट्टी दारातच फाडून आपल्याकडे ठेवायची, फॉर्मावर फक्त इमारतीचा आणि खोलीचा नंबर. जो तीस दिवस राहिला तो तिथलाच धरायचा, मग तो पाहुणा असो की जावई. पर्यवेक्षक भला माणूस आहे, पण नियम पाठ करून झोपत असावा.

इथे राहायला येऊन तीन आठवडे झाले, आणि मला खोलीही चांगली मिळाली आहे, तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याची; पत्रावर मात्र नुसता इमारतीचा पत्ता घाल, टपाल सगळ्यांचं खालीच ठेवतात. इमारत फार शांत आहे. भावोजींचं बाहेरगावचं काम संपलं का? तू वेळेवर जेवत जा. बाकी लोभ आहेच, तो आणखी वाढवू नकोस, मला पेलवत नाही.
तुझा,
ठोंब्या

ता. १५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद. पत्र वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! ही नोकरी मीच तुझ्या गळ्यात मारली, त्यामुळे तुझं काही बरंवाईट झालं तर त्याचं पाप माझ्याच माथी. म्हणून दर आठवड्याला पत्र हवं. आळस केलास तर कान उपटायला मी तिथवर येईन.

इथे कचेरीत आम्ही बाराजणी. देशभरातून तुमचे फॉर्म येतात, आम्ही प्रत्येक उत्तराला आकडा घालतो, 'नाही'ला शून्य ते 'जवळजवळ रोज'ला तीन, आणि गठ्ठा पुढे ढकलतो. नावं नसतात, त्यामुळे जीव गुंतत नाही, असं साहेब म्हणतात. परवा बेरीज केली तर आकडा इतका मोठा आला की साहेबांनी ती तीनदा करायला लावली. तिन्ही वेळा तोच आला. मग म्हणाले, एवढी माणसं आजारी असती तर रस्त्यावर दिसली नसती का? सर्वेक्षक आळशी आहेत, खोलीत बसून फॉर्म भरतात. आम्ही बाराजणींनी माना डोलावल्या. त्या दिवशी डबे उघडले पण कोणी फारसं जेवलं नाही, का ते कोणी विचारलंही नाही.

तुझे भावोजी अजून दोन महिने येत नाहीत. मला काय धाड भरलीये? उभ्या उभ्या दोन घास खाते, कचेरीत जाते, येते. तू स्वतःला जप.
कळावे, आणि कळलं की कळवावे.
तुझी,
ताई

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. या आठवड्यात माझ्याच इमारतीची पाळी होती. चौदाही खोल्या झाल्या. जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुपारचे तीन. सगळीकडे रेडिओ चालू, एकच स्टेशन, बारीक आवाजात, आणि ऐकत कोणीच नाही. सकाळच्या दुधाच्या पिशव्या उंबऱ्यावर तशाच पडलेल्या. मी दार वाजवायला हात वर केला की दार आतून उघडायचं. एकदा झालं तर योगायोग म्हणू, दर वेळी कसं? मग पाहिलं, प्रत्येकाने दाराशी एक खुर्ची ठेवली आहे, तोंड बाहेरच्या बाजूला. दिवसभर ही माणसं बंद दाराकडे बघत बसतात. कोणाची वाट बघता असं मी एका निवृत्त शाळाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, कोणाचीच नाही, बसायची सवय लागली आहे.

सगळ्यांची उत्तरं एकच. झोप नाही, भूक नाही, मन लागत नाही, जवळजवळ रोज. फक्त नवव्या प्रश्नाला सगळे 'कधीकधी' म्हणतात आणि हसल्यासारखं करतात. निघताना प्रत्येकाने माझं मनगट धरलं आणि हळूच सांगितलं की शेजारी बोलू नका हं, ते बिचारे सुखात आहेत. शेजारी जावं तर तिथेही तेच. तेरा दारं, तेच वाक्य, मनगटावर तसाच गार हात. मधे नुसती वीतभर भिंत, ताई. मला इतकं भरून आलं की जिन्यातच बसलो.

नियमाप्रमाणे प्रत्येकाला दवाखान्याच्या पत्त्याची चिठ्ठी दिली. डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. गेलं कोणीच नाही, कारण बस इमारतीसमोरूनच सुटते आणि शेजाऱ्यांनी पाहिलं तर?

माझं ठीक आहे. जरा झोप लागत नाही, एवढंच. तुझा लोभ आहे म्हणून चाललंय.
तुझा,
ठोंब्या

ता. ४ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद आहेतच, पण आज कानउघाडणी आधी. तुझ्या इमारतीचा गठ्ठा नेमका माझ्याच टेबलावर आला. चौदा फॉर्म, अक्षर तुझं, आणि पहिल्या आठ प्रश्नांची उत्तरं पहिल्यापासून शेवटपर्यंत छापल्यासारखी एक. अरे, खोटंच लिहायचं तर निदान थोडा फरक तरी करायचास! आणि शेवटच्या फॉर्मात कहर केलास. पुरुष, एकटा, आणि नवव्या प्रश्नाला थेट 'जवळजवळ रोज'. नाटकाला शेवट हवा म्हणून का?

मी आकडे घातले आणि गठ्ठा पुढे दिला, पण साहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही. पुनर्तपासणीला पर्यवेक्षकांना पाठवणार आहेत. तुझं पत्र मी वाचलंय, तू रचून सांगतोस असं मला वाटत नाही. पण चौदा घरं अशी एकसारखी कशी असतील? माझी मान खाली जाईल असं काही करू नकोस रे. रागावले म्हणून माया कमी झाली असं समजू नकोस.
तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. मी एकही उत्तर खोटं लिहिलेलं नाही. चौदापैकी एकही नाही. तपासू देत.

माझं घड्याळ आणि आईची शाल पार्सलने पाठवली आहे. इथे लागत नाही. पर्यवेक्षकांचा हिशेब, चिठ्ठ्या, नावाच्या पट्ट्या, सगळं टेबलावर नीट लावून ठेवलं आहे, कोणाला शोधाशोध पडणार नाही. मला आता फार हलकं वाटतंय, तू काळजी करू नकोस. तुझ्यावर मी कधीच रागावलो नाही, हे लक्षात ठेव.
ठोंब्या

ता. १२ मार्च, बसमधून

माझ्या ठोंब्या, सोन्या,
हे पत्र टपालात टाकत नाहीये, हातात घेऊन येतेय. फोन तू उचलत नाहीस आणि मला गप्प बसवत नाही, म्हणून लिहितेय. बस हलते, अक्षर तसंच येईल.

पार्सल आज सकाळी मिळालं. शाल उघडली आणि तुझं शेवटचं पत्र पुन्हा वाचलं. तेवढ्यात कचेरीतून पर्यवेक्षकांचा निरोप आला. त्यांनी म्हणे सगळी दारं पुन्हा फिरून पाहिली. तेरा घरांची उत्तरं अक्षरशः खरी निघाली. चौदाव्या खोलीला कुलूप होतं आणि दारावर पाटी तुझी होती. त्यांनी पुस्तिकेचा नियम वाचून दाखवला, तीस दिवस राहिला तो तिथलाच. म्हणजे तू नियमाने वागलास, बाळा. स्वतःलाच दारात उभं करून नऊ प्रश्न विचारलेस आणि खरं लिहिलंस.

आणि मी काय केलं? चौदाही फॉर्म तुझ्याच अक्षरात, त्यात तुझा कुठून ओळखू येणार होता मला! नवव्या प्रश्नापुढे मीच तीनचा आकडा घातला. चांगला गोल, सुबक. वर तुला नाटकी म्हणाले. माझी जीभ झडली कशी नाही!

पर्यवेक्षकांना मी फोनवर हात जोडून सांगितलं की त्याला शोधा आणि मी येईपर्यंत एकटं सोडू नका. तासाभराने त्यांचा फोन आला. तू गच्चीच्या जिन्यात बसला होतास, ते तुला खाली घेऊन आले आहेत. म्हणाले, शाळाबाई खुर्ची उचलून तुझ्या दारात येऊन बसल्या, मग समोरचे आले, मग वरचे. सगळे नुसते बसले आहेत. मला रडू आवरेना. शेजारच्या प्रवाशाने पाणी दिलं.

चार तासांत पोचते. तुला काही बोलायची, समजवायची गरज नाही. नुसता बस माझ्याजवळ.
ताई

ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तू परत गेलीस त्याला आज दहा दिवस झाले. गोळ्या वेळेवर घेतो. सकाळ अजून जड जाते, पण अंघोळ होते, दोन पोळ्या जातात. पर्यवेक्षक रोज संध्याकाळी येऊन बुद्धिबळात हरतात, मुद्दाम हरतात असा मला दाट संशय आहे. मंगळवारच्या बसला आता इमारतीतले सहाजण असतो. एकमेकांकडे बघत नाही, पण बसतो जवळजवळ.

आता जे लिहितोय त्याने तू चिडशील. खुशाल चीड. तू आल्यानंतरच्या मंगळवारी डॉक्टरांनी मला तेच नऊ प्रश्न विचारले. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत, तोंड खिडकीकडे. मी उत्तर द्यायच्या आत तुझे ओठ हलत होते. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं, माझं होतं. सात आठवडे मी दुसरं काय करत होतो? दारादारांतून लोकांचे ओठच बघत होतो. प्रश्न मला होता आणि उत्तर तू देत होतीस, आवाज न करता. पहिल्या आठांना तू एकच शब्द म्हणालीस, 'रोज'. नववा आला तेव्हा तू माझ्याकडे वळून पाहिलंस आणि ओठ घट्ट मिटून घेतलेस.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. अंगात ताकद नव्हती, आणि खरं सांगू, तुझ्याकडे बघायची भीती वाटली. आता नाही वाटत. भावोजींना मी सगळं सांगितलं आहे, ते निघाले आहेत. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या काकू आजपासून तुझ्याकडे झोपायला येतील, त्यांना हाकलू नकोस. मी उद्या सकाळच्या बसने निघतोय, कदाचित या पत्राआधीच पोचेन.

नवव्याचं उत्तर मला हवंय, ताई. खरं सांग. मी लिहून घेणार नाही.
तुझाच,
ठोंब्या